तो हाच कशावरून?

चाकरीच्या निमित्ताने मुलूख सोडून राहणाऱ्या माणसाला दोन नावे असतात. एक आईबापांनी ठेवलेले आणि दुसरे सरकारने दिलेले. पहिले शाळेच्या दाखल्यावर असते व जन्मभर बदलत नाही. दुसरे खुर्चीला चिकटलेले असते व खुर्चीबरोबर बदलते. कचेरीत येणारे टपाल बहुधा दुसऱ्या नावाने येते. ‘उपसंचालक’ एवढाच पत्ता असलेले पाकीट आज आम्ही फोडतो. गेल्या वर्षी ते आमच्या जागी असलेल्या गृहस्थांनी फोडले असते, आणि पुढील वर्षी, आम्ही सेवेतून मोकळे झाल्यावर, जो कोणी येथे येईल तो फोडील. यात गैर असे काही नाही. पत्र पाठवणाऱ्याला माणूस नको असतो, काम हवे असते. माणसे बदलली तरी काम अडू नये म्हणूनच पदाला नाव दिलेले असते, आणि ही युक्ती ज्याने प्रथम शोधून काढली त्याने राज्यकारभारावर मोठेच उपकार केले आहेत.

तथापि या सोयीच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे. जे नाव जागेचे किंवा क्रमाचे असते, ते आपण वस्तूचे नाव म्हणून केव्हा वापरू लागतो, आणि तसे वापरल्याने जो अनर्थ होतो त्याचा दोष कोणाचा? बत्तीस वर्षे चाकरी करून आणि अकरा गावचे पाणी पिऊनही या प्रश्नाकडे आमचे लक्ष गेले नव्हते, असे म्हटले तर ते पूर्ण खरे होणार नाही; एकदा गेले होते, परंतु आम्ही ते वळवून घेतले. पुन्हा ते गेले ते येथे भुवनेश्वरला, घरी, संगणकापुढे बसलो असताना. या वेळी मात्र लक्ष वळवून घेण्याची सोय राहिली नव्हती.

घडले ते असे. आमच्या घरचा संगणक जुना झाला आहे, आणि त्यावर ‘लिनक्स’ ही १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेली, कोणालाही विनामूल्य वापरता येणारी प्रणाली चालते. तिची नवी आवृत्ती बसवावी असे मनात आले. त्यासाठी त्या आवृत्तीची प्रतिमा, म्हणजे सुमारे ३ गिगाबाइटांची एक फाइल, एखाद्या बाहेरून जोडायच्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवावी लागते. आमच्याकडे अशा दोन डिस्का होत्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच काळ्या रंगाच्या, एकाच १ टेराबाइट क्षमतेच्या. एक रिकामी होती. दुसरीवर आमच्या आत्याबाईंचा आवाज होता.

आत्याबाई गेल्या त्याच्या आदल्या दिवाळीत आम्ही रजा काढून गावी गेलो होतो. त्यांना जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. जाते घरातून केव्हाच गेले होते. परंतु रिकामे हात गोल फिरवल्याखेरीज त्यांना ओवी आठवत नसे. चार दिवस दुपारच्या वेळी त्यांच्यापुढे ध्वनिमुद्रक ठेवून आम्ही बसलो, आणि ओव्या, मधले बोलणे, खोकला, दारावरून गेलेली एस. टी., सारे त्यात साठवून घेतले. त्याची दुसरी प्रत काढायची होती. ती राहिली. का राहिली याचे उत्तर आमच्यापाशी नाही. वाचकांपैकी ज्यांची अशी एखादी प्रत काढायची राहिली असेल त्यांना ते विचारण्याचे कारण पडणार नाही.

आता ही प्रणाली डिस्कांना नावे कशी देते ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण साऱ्या प्रकरणाचे मूळ तेथे आहे. जोडलेली पहिली डिस्क तिला सापडली की ती तिला ‘एसडीए’ म्हणते, दुसरीला ‘एसडीबी’, तिसरीला ‘एसडीसी’. असे ‘एसडीझेड’ पर्यंत गेल्यावर पुढे ‘एसडीएए’ पासून दोन अक्षरी मालिका सुरू होते. नाव पडते ते सापडण्याच्या क्रमावरून. डिस्कच्या अंगी असलेल्या कोणत्याही गुणाशी, तिच्यावरील मजकुराशी, तिच्या कारखान्याशी किंवा मालकाशी या नावाचा काडीइतका संबंध नसतो. पूर्वी तसे नव्हते. संगणकाच्या पोटात रुंद पट्टीच्या तारेने जोडायच्या ज्या जुन्या डिस्का असत, त्यांची ‘एचडीए’ पासून ‘एचडीडी’ पर्यंतची चार नावे चार ठरलेल्या जागांची होती. गावगाड्यातील वतनासारखा तो प्रकार; जागेवर कोणीही बसो, जागा ठरलेली. १९९६ साली ‘यूएसबी’ नावाची जोडणी आली आणि वस्तू केव्हाही जोडावी व केव्हाही काढावी अशी मोकळीक झाली. एका नियंत्रकाला अशी १२७ उपकरणे जोडता येतात. जेथे कोणीही केव्हाही येतो आणि जातो, तेथे वतनाची नावे चालत नाहीत. आल्या क्रमाने हाक मारावी लागते. धर्मशाळेचा रखवालदार तरी दुसरे काय करतो?

त्या रात्री आम्ही दोन्ही डिस्का जोडल्या, आज्ञा देऊन यादी पाहिली आणि एका चिठ्ठीवर लिहून ठेवले: ‘रिकामी ती एसडीबी, आत्याबाई एसडीसी.’ तेवढ्यात वीज गेली. ती पहाटे आली. सकाळी आम्ही संगणक सुरू केला, चिठ्ठी समोर ठेवली आणि ‘डीडी’ ही आज्ञा लिहिली. ही आज्ञा जुनी आहे, युनिक्सच्या आरंभीच्या काळातली, आणि तिचा स्वभाव फार सरळ आहे. ‘आयएफ’ या दोन अक्षरांपुढे लिहिलेले ती वाचते आणि ‘ओएफ’ या दोन अक्षरांपुढे लिहिलेल्यावर उतरवते. समोर काय आहे हे ती पाहत नाही, आणि ‘खात्री आहे ना?’ असे विचारत नाही. जाणकार मंडळींत तिला ‘डिस्कचा विध्वंस करणारी’ असे टोपणनाव पडले आहे, ते उगाच नव्हे. काही मिनिटांत काम झाले. डिस्क काढून पाहिली तेव्हा कळले की रात्रीच्या खंडानंतर दोन्ही डिस्का उलट क्रमाने सापडल्या होत्या. रिकामी डिस्क रिकामीच होती.

लेखापरीक्षण खात्यातील आमचे एक स्नेही त्या संध्याकाळी घरी आले. सारे ऐकून घेऊन ते म्हणाले, “अहो, यात तुमचा काय दोष? तुम्ही वाईट चिंतले नव्हते. यंत्राने नाव बदलले; तुम्ही तर लिहून ठेवल्याप्रमाणे केले.” स्नेह्याने असेच बोलावे. परंतु ते गेल्यावर आम्ही त्यांच्या बोलण्याचा विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की त्यांतील प्रत्येक वाक्य खरे असून निष्कर्ष तेवढा खोटा आहे.

यंत्राने खोटे सांगितले नव्हते. ‘एसडीबी’ याचा अर्थ ‘या खेपेस दुसरी सापडलेली डिस्क’ एवढाच, आणि सकाळी जिला तिने एसडीबी म्हटले ती खरोखरच दुसरी सापडली होती. चिठ्ठीही खोटी नव्हती. लिहिली तेव्हा ती अक्षरशः खरी होती. म्हणजे दोन खऱ्या विधानांच्या मधल्या फटीतून अनर्थ शिरला. तर्कशास्त्रात फ्रेगे या जर्मन पंडिताने १८९२ साली प्रभातीचा तारा आणि सायंकाळचा तारा यांचे उदाहरण घेतले होते: नावे दोन, पण वस्तू एकच, शुक्र. आमचे प्रकरण त्याच्या उलट. नाव एकच, वस्तू दोन. पहिल्या प्रकारात माणूस फार तर अज्ञानात राहतो. जे ठाऊक आहे तेच दुसऱ्या नावाने समोर आले हे त्याला कळत नाही. दुसऱ्या प्रकारात तो ज्ञानी असल्याच्या समजुतीत राहतो, आणि त्या समजुतीने हात उचलतो.

ती समजूत कोणी करून दिली? आम्हीच. क्रमाच्या नावाला आम्ही वस्तूचे नाव मानले. हे मानणे अज्ञानातून आले असते तर त्याला क्षमा असती. पण हे नाव टिकाऊ नाही हे आम्हांला ठाऊक होते. ठाऊक असून त्या घटकेला आठवण ठेवली नाही, याला आपल्या भाषेत अज्ञान म्हणत नाहीत, प्रमाद म्हणतात. अज्ञानी माणसाला शिकवावे लागते; प्रमाद करणाऱ्याला शिकवण्यासारखे काही नसते, कारण त्याला सारे येतच असते. म्हणूनच प्रमादाचा दोष अधिक, असे आम्हांला वाटते. हेतू शुद्ध होता हे खरे. परंतु हेतू ही मनातली गोष्ट आहे, आणि आत्याबाईंचा आवाज मनात नव्हता, त्या डिस्कवर होता.

आता कोणी म्हणेल की यावर उपाय सोपा आहे. क्रमाची नावे टाकून द्यावीत आणि कायमची नावे वापरावीत. तशी व्यवस्था या प्रणालीत आहेच. २००३ पासून ‘यूडेव्ह’ नावाची जी योजना तिच्यात आली, तिने प्रत्येक डिस्कला क्रमाच्या नावाखेरीज आणखी नावे मिळू लागली. एक नाव ती कोणत्या भोकात जोडली आहे त्यावरून. एक तिच्या कारखान्याने दिलेल्या अनुक्रमांकावरून. एक तिच्यावर आखलेल्या फाइल-व्यवस्थेला आखणीच्या वेळी मिळालेल्या १२८ बिटांच्या ओळख-अंकावरून. हा ३२ चिन्हांचा असून जगात दुसरा तसाच सहसा निघत नाही. आणि एक नाव मालकाने स्वतः ठेवलेले. आम्ही ही सारी नावे पाहू शकलो असतो. एका ओळीची आज्ञा पुरली असती.

परंतु या नावांचा बारकाईने विचार केला म्हणजे मौज दिसते. प्रत्येक नाव निराळ्याच वस्तूचे आहे. भोकाचे नाव हे घराच्या क्रमांकासारखे. बिऱ्हाड बदलले की ते मागे राहते. अनुक्रमांक हा अंगठ्याच्या ठशासारखा वाटतो, पण बाहेरील डिस्कच्या बाबतीत तो पुष्कळदा आतल्या तबकडीचा नसून बाहेरच्या पेटीचा असतो. पेटी तीच ठेवून आतली डिस्क बदलली तरी यंत्र जुन्याच क्रमांकाने हाक मारते. स्वस्त पेट्यांत तर कधी कधी अनेकींना एकच क्रमांक दिलेला आढळतो. १२८ बिटांचा ओळख-अंक हा डिस्कचा नसून तिच्यावरील आखणीचा आहे: डिस्कची हुबेहूब नक्कल केली की अंकाचीही नक्कल होते आणि त्याच ओळखीच्या दोन वस्तू शेजारी शेजारी उभ्या राहतात. काही फाइल-व्यवस्था अशा वेळी दुसरीला घरात घेण्याचेच नाकारतात. राहिले मालकाने ठेवलेले नाव. ते प्रेमाचे खरे, पण एकच नाव दोघींना ठेवण्यापासून मालकाला कोणी अडवीत नाही.

म्हणजे ‘ही कोणती डिस्क?’ या प्रश्नाआधी ‘डिस्क म्हणजे तुम्हांला काय हवे आहे?’ असा दुसरा प्रश्न उभा राहतो. जागा हवी, पेटी हवी, आखणी हवी, की आतला आवाज हवा? आम्हांला आवाज हवा होता, आणि आवाजाला त्या साऱ्या यादीत नावच नव्हते.

दमयंतीच्या स्वयंवराची कथा वाचकांना ठाऊक आहे. मंडपात नलाचे रूप घेतलेले चार देव आणि खरा नल असे पाच पुरुष बसले. ‘नल’ या नावाचा तेथे काही उपयोग नव्हता. पाचही जणांनी त्या नावाला ओ दिली असती. रूपाचाही नव्हता. महाभारतकाराने तिला देवांची प्रार्थना करायला लावली, तेव्हा देवांनी आपली खरी लक्षणे प्रकट केली. देवांना घाम येत नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, माळा कोमेजत नाहीत, पाय भूमीला टेकत नाहीत. ज्याला घाम आला होता, ज्याची माळ सुकली होती आणि ज्याची सावली पडली होती, तो नल. तिने वरमाला घालण्यापूर्वी पाहिले. आणि पाहिले ते असे काही, की जे सोंग घेणाऱ्यापाशी नव्हते. वरमाला परत काढून घेता येत नाही हे तिला पक्के ठाऊक होते.

याच्या उलट शकुंतलेचे. कालिदासाने तिच्या ओळखीसाठी एक अंगठी योजली. अंगठी नदीत पडली आणि समोर उभ्या असलेल्या पत्नीला राजाने ओळखले नाही. दुर्वासाच्या शापाने राजाचा दोष कवीने हलका केला, हे खरे. परंतु शापाची तरतूद वगळून पाहिले तर त्या प्रसंगात एक फार जुने दुःख आहे: खूण ही ओळखीला आधार म्हणून दिलेली असते, आणि ती आपण ओळखीच्या जागी बसवतो. मग खूण हरवली की माणूस हरवतो.

आपल्या वेदान्त्यांनी ‘तो हा देवदत्त’ या एका वाक्यावर केवढी चर्चा केली आहे! पूर्वी दुसऱ्या गावी पाहिलेला तो देवदत्त आणि आज येथे पाहिलेला हा देवदत्त. तेव्हाचा काळ आणि ते गाव, आताचा काळ आणि हे गाव, एवढे दोन्हीकडून वजा करावे लागते तेव्हा कोठे ‘तो’ आणि ‘हा’ एक होतात. आमच्या चिठ्ठीने हे वजा करण्याचे काम केले नव्हते. तिने रात्रीचा क्रम सकाळी लागू केला. ‘तो’ चे गाव ‘हा’ च्या गावावर चिकटवून दिले, आणि आम्ही त्याला ओळख समजलो.

येथे आम्हांला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी सांगण्याचे आम्ही बरीच वर्षे टाळले आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका राज्यात असताना आमच्यापुढे एक यादी सहीसाठी आली. मृत निवृत्तिवेतनधारकांची ती यादी होती. वेतन बंद करायचे होते. नावे तपासून घेतली का असे आम्ही विचारले, तपासली असे उत्तर मिळाले, आणि आम्ही सही केली. पाच महिन्यांनी एक वृद्ध गृहस्थ कचेरीत आले. त्यांच्या तालुक्यात त्यांच्याच नावाचे, त्याच आडनावाचे आणि वडिलांचेही तेच नाव असलेले आणखी एक गृहस्थ होते. वारले होते ते. या वृद्धाने तक्रार केली नाही. आपण जिवंत असल्याबद्दल ग्रामपंचायतीने दिलेला कागद त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला. आम्हांला आज बोचते ते हे, की आम्ही प्रथम तो कागद पाहिला, आणि मग त्यांच्याकडे पाहिले. चूक दुरुस्त झाली. थकबाकी मिळाली. मधल्या काळात त्यांनी म्हैस विकली होती, ती परत आली नाही.

त्या वेळीही कोणी खोटे बोलले नव्हते. तपासली असे सांगणाऱ्याने नावे खरोखरच तपासली होती. तपासायला हवा होता तो माणूस. शासकीय नियमांप्रमाणे कचेरीतील मत्तेची वर्षातून निदान एकदा प्रत्यक्ष पडताळणी करावी लागते. ज्याने तो नियम केला त्याला हे पुरेपूर ठाऊक असले पाहिजे, की नोंदवही कितीही नीट ठेवली तरी नोंदवहीतले टेबल आणि खोलीतले टेबल या दोन वस्तू आहेत. टेबलांसाठी आपण एवढे करतो.

यावर आमच्या स्नेह्यांनी पुन्हा हरकत घेतली, आणि ती विचार करण्याजोगी आहे. ते म्हणाले, “प्रत्येक कागदामागचा माणूस आणि प्रत्येक नावामागची वस्तू पाहत बसलो तर एक दिवसाचे काम वर्षात होणार नाही. नावावर भरवसा ठेवण्यासाठीच नावे असतात.” हे बरोबर आहे. नावावर भरवसा न ठेवणारा माणूस बाजारातून भाजीही आणू शकणार नाही. प्रश्न भरवसा ठेवावा की नाही हा नसून केव्हा ठेवू नये हा आहे. त्याचे माप कामाच्या आकारावर ठरत नाही. ते काम परत फिरवता येते की नाही यावर ठरते. डिस्क वाचायची असेल तर चुकीच्या नावाने फार तर चुकीची डिस्क वाचली जाते. तेव्हा ‘एसडीबी’ पुरे. पुसायची असेल तेव्हा तेच नाव पुरत नाही. पत्राचे उत्तर धाडायचे असेल तर पदनाम पुरे. कोणाचे वेतन थांबवायचे, कोणाचे छप्पर काढायचे, कोणाला यादीतून वगळायचे, तर यादीतले नाव पुरत नाही. जे परत फिरवता येत नाही ते नावावर करू नये. आम्हांला या साऱ्या विचारातून हाती लागलेला नियम एवढाच आहे, आणि तो पाळला तर एक दिवसाचे काम वर्षावर जात नाही, कारण अशी कामे दिवसातून फार थोडी असतात. नित्याच्या शंभर कामांत मिसळलेली असल्याने ती ओळखू येत नाहीत, एवढेच.

मग वस्तू प्रत्यक्ष पाहायची कशी? येथे संगणकावर काम करणाऱ्या मंडळींची एक साधी रीत आम्ही नंतर शिकलो. यादी पाहावी, मग हातातली डिस्क काढून घ्यावी, पुन्हा यादी पाहावी. जे नाव नाहीसे झाले ते हिचे. पुन्हा जोडावी, जे नाव परत आले ते आता हिचे, मग ते पहिलेच असो वा दुसरे. डिस्क असता नाव आहे, डिस्क नसता नाव नाही. आपल्या नैयायिकांनी अन्वय आणि व्यतिरेक म्हणून जी रीत सांगितली, ती हीच. आम्ही ती महाविद्यालयात परीक्षेपुरती पाठ केली होती. तिचा उपयोग एखादे दिवशी आत्याबाईंचा आवाज वाचवण्यासाठी होईल, असे कोणी सांगितले असते तर कदाचित अधिक लक्ष दिले असते. त्यावर आणखी एक काळजी घ्यावी: एका साक्षीवर थांबू नये. अनुक्रमांक, क्षमता आणि आपण ठेवलेले नाव अशा तीन निरनिराळ्या साक्षींचे जेथे एकमत होईल तेथेच आज्ञेचे बटण दाबावे. आणि आज्ञा देण्याच्या घटकेला हे करावे, आदल्या रात्री नव्हे.

असो. डिस्कचे पुढे काय झाले ते वाचकांना सांगितले पाहिजे. पहिले ३ गिगाबाइट गेले ते गेलेच. त्यांच्यावर नवे लिहिले गेले होते. त्यांबरोबर कोणती फाइल कोठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिकाही मोडली. परंतु पलीकडचा मजकूर जागेवरच होता. ‘फोटोरेक’ नावाची एक विनामूल्य प्रणाली आहे. ती अनुक्रमणिकेला विचारीत नाही. डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जाते आणि फाइलींच्या अंगच्या खुणा शोधते. आमच्या ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक फाइलीच्या आरंभी ‘आरआयएफएफ’ ही चार अक्षरे असतात व त्यांपाठोपाठ तिच्या लांबीचा आकडा असतो. या खुणेवरून एकेक फाइल उभी राहू लागली. बहुतेक ओव्या परत आल्या. नावे मात्र एकीचेही आले नाही. आम्ही प्रत्येक दुपारची तारीख घालून नीट नावे ठेवली होती. आता त्यांच्या जागी जेथे ती सापडली त्या खंडाचे क्रमांक होते. पुन्हा जागेचीच नावे!

तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर आम्ही दोघे ऐकत बसतो. आमच्या घरातून म्हणतात, “अहो, हा तिसरा दिवस. त्या दिवशी त्यांचा घसा बसला होता.” मागे कावळा ओरडतो तो सकाळचा भाग, एस. टी. चा आवाज आला की साडेतीन वाजले. अशा खुणांनी एकेक फाइल ओळखून आम्ही तिला पुन्हा नाव देतो, आणि त्याच रात्री तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. दोन्ही डिस्कांवर आता कागद चिकटवले आहेत. एकीवर आत्याबाईंचे नाव आहे, आणि दुसरीवर त्यांचे नाव लिहून पुढे ‘प्रत’ असे लिहिले आहे. चार दुपारींपैकी पहिल्या दुपारीच्या शेवटाखेरीज काही मिळाले नाही. त्या दिवशी त्यांनी आमच्या वडिलांच्या लहानपणची एक हकीकत सांगितली होती. ती आम्हांला साधारण आठवते, पण त्यांच्या शब्दांत आठवत नाही.

काल एक लहानशी फाइल निघाली, जेमतेम चाळीस सेकंदांची. तीत ओवी नाही. ध्वनिमुद्रक चालू झाला आहे हे आत्याबाईंना कळलेले नाही, आणि त्या आम्हांला पाणी आणायला सांगतात. सांगताना त्या आमचे घरातले नाव घेतात. ते नाव दाखल्यावर नाही, खुर्चीवर नाही, आणि त्या नावाने हाक मारणारे आता कोणी उरलेले नाही. आम्ही त्या फाइलीला अजून नाव दिलेले नाही. कोणत्या दिवसाची आहे ते कळत नाही.